अनामिक साहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलं आहे)

अनामिक साहेब,

प्रतिक्रियेबद्दल आभार. हे मी रीत म्हणून लिहितोय, तेवढ्यापुरतंच घ्या. पोर्चमधल्या जुन्या फियाटच्या दुरुस्तीबद्दल मी चार महिने लिहितो आहे, बारा भाग झाले. अकरा भागांवर आपण अवाक्षर काढलं नाहीत. बाराव्यात मी लिहिलं की दोन्ही बाजूंचे सिल (दाराखालच्या पोकळ पाट्या) कापून झाले, नवा पत्रा बसला, ‘ड्रायव्हरचं दार मात्र आता किंचित उचलून लावावं लागतं’. त्या एका ‘किंचित’वर आपल्या बावीस ओळी आल्या. मोजल्या मी.

ज्यांनी त्या वाचल्या नसतील त्यांच्यासाठी सार सांगतो. मी गाडीचं नाव चुकीचं लिहिलं. दाराच्या चौकटीला आतून आधार न देता दोन्ही सिल एकदम कापले, त्यामुळे बॉडी मधोमध खाली बसली, म्हणजे खचली. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवला. ब्रेकची रबरं जुनीच ठेवली. अशा गाडीला व्हीए नंबर, म्हणजे विंटेज गाड्यांचा खास नंबर, मिळणार नाही. आणि शेवट असा: ‘घरी बसून, यूट्यूब बघून गाडी होत नाही. वेळ जात नसेल तर सुडोकू सोडवा.’

सुडोकू.

आधी आपलं जे बरोबर आहे ते मान्य करतो, म्हणजे मी हेकट आहे असं कुणी म्हणायला नको. मथळ्यात मी ‘आमची पद्मिनी’ लिहिलं होतं. गाडी 1968 ची आहे. 1964 साली हे मॉडेल आलं तेव्हा ते फियाट 1100 डिलाइट होतं, मग प्रीमियर प्रेसिडेंट झालं, आणि पद्मिनी हे नाव 1974 चं. म्हणजे माझी गाडी पद्मिनी नाही, डिलाइट आहे. पुढची दारं उलटी उघडणारी जी गाडी, ती त्याच्याही आधीची. तेवढं मात्र मी बरोबर लिहिलं होतं, त्याची नोंद आपण घेतली नाहीत. मथळा दुरुस्त केला आहे. आमच्या घरात कुणी तिला डिलाइट म्हणालं नाही आणि पद्मिनीही म्हणालं नाही, ‘फियाट’च म्हणाले, पण ते असो. चूक ती चूक.

आता ते वाक्य. ‘घरी बसून.’

बसून? साहेब, जानेवारीपासून मी या गाडीजवळ बसलोच नाही. पाठीवर पडलो आहे. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरायचा, त्यावर आडवं व्हायचं आणि सरकत गाडीखाली जायचं. चष्म्यावर दुसरा चष्मा. तोंडावर फडकं. तारेचा ब्रश फिरवला की गंजाचे पापुद्रे सरळ मानेवरून शर्टात जातात आणि रात्री आंघोळीच्या वेळी मोरीत लाल पाणी वाहतं. पहिल्यांदा ते पाहून बायको घाबरली होती. आता ती नुसतं ‘आज पुढचं केलंत की मागचं?’ एवढं विचारते. याला ‘घरी बसून’ म्हणायचं असेल तर म्हणा.

‘यूट्यूब बघून.’ बघितलं की! का नाही बघायचं? या गाडीचे जे बरे व्हिडिओ आहेत ते बहुतेक इटालियनमध्ये आहेत, कारण तिचं मूळ तिथलं. तिकडे ही 1100 गाडी 1953 ला निघाली. मला इटालियन येत नाही. मी आवाज बंद करून माणसाचे हात बघतो. कोणता बोल्ट आधी काढतो, हातोडी कुठे धरतो. आमचे वडील मिस्त्रीकडे गाडी नेत, तेव्हाही स्टुलावर बसून हातच बघत. त्यांना कुणी सुडोकू सुचवलं नाही.

वडिलांचा विषय निघाला आहे तर सांगतोच. गाडी त्यांची. त्या काळात नव्या फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून त्यांनी 1976 ला सेकंडहँड घेतली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. बॅटरी कायम मेलेली, त्यामुळे सकाळी हँडल. माझ्या हातात हँडल देण्याआधी त्यांनी मला तीन दिवस नुसतं ते धरायला लावलं. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा दुसऱ्या बाजूने वळवायचा नाही. इंजिन उलटं फिरून हँडल मागे आलं तर उघडा हात सुटतो, मुठीतला अंगठा मोडतो. आणि हँडल वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. चौथ्या दिवशी मी ओढलं आणि 1089 सीसीचं ते इंजिन एकदा खोकून चालू झालं. प्लग साफ करणं, पॉइंटला पॉलिशपेपर मारणं, कार्ब्युरेटरचं जेट काढून फुंकणं ही कामं पाचवी-सहावीत असताना माझ्याकडे होती. मला या गाडीची भीती नाही, ती काल बघितलेली नाही, एवढंच सांगायचं आहे. आपण म्हणाल, हँडलचा सिलशी काय संबंध. संबंध आहे. ज्याला वाटत नाही त्याला मी पटवू शकत नाही.

आणि घरीच का, हेही ऐका. ही गाडी मी एकदा ‘जाणकारां’कडे दिली होती. नाव लिहीत नाही. त्यांचं गॅरेज आहे, माणसं आहेत, कदाचित आपल्या ओळखीचेही असतील. सात महिने ठेवून घेतली. परत आली तेव्हा अशी चकाकत होती की शेजारी पेढे मागायला आले. दोन पावसाळे गेले आणि मागच्या चाकाच्या वर रंगाला फुगे आले. खिडकीच्या पडद्याचं लोहचुंबक घेऊन मी गाडीभर फिरलो. दारावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं, मागच्या मडगार्डवर निसटून खाली पडलं. नखाने उकरलं तर पुट्टी, बोटाच्या पेराएवढी जाड. तिच्याखाली पत्रा नव्हताच, होती ती जाळी.

खालची गंमत वेगळीच. ती मी सातव्या भागात थोडक्यात लिहिली होती. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं. त्याखाली तागाचा नमदा, ओला, वास मारणारा. नमद्याखाली डांबराचा थर. त्या डांबरात एक पाच पैशाचं ॲल्युमिनियमचं चौकोनी नाणं रुतलेलं, अगदी नवं असल्यासारखं. मी ते काढायला स्क्रूड्रायव्हर लावला, आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. खाली वाकून पाहिलं तर त्याचं टोक पोर्चच्या फरशीकडे बघत होतं. इतकी वर्षं आम्ही डांबरावर पाय ठेवून गाडी चालवली. जाणकारांनी त्या डांबरावर वरून आणखी एक हात मारला होता, बिलात ‘अंडरबॉडी’ असं लिहून. त्या दिवशी मी ठरवलं की आता जे काही बिघडेल ते माझ्या हाताने बिघडेल.

बिघडलं असं म्हणत नाहीये. बोलण्याच्या ओघात आलं.

आपला सिलचा मुद्दा. वाचकांसाठी सांगतो, जीपला जशी खाली वेगळी चासी असते आणि वर बॉडी ठेवलेली असते, तसं फियाटला नाही. पत्र्याचीच पेटी, तीच चासी, तीच बॉडी. दाराखाली उंबरठ्यासारखी जी पोकळ पाटी असते ती सिल, आणि पुढचा भाग मागच्याला धरून ठेवायचं बरंच काम तिच्याकडे असतं. म्हणून सिल कापायच्या आधी दाराच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी अँगल टाचून घेतात, एका वेळी एकच बाजू कापतात, मधेमधे दार लावून फट बघतात. हे मला माहीत होतं. ‘याला एवढंही ठाऊक नाही’ असा जो आपला सूर आहे, तो म्हणूनच लागला. ठाऊक असणं वेगळं आणि शनिवार-रविवार वेगळे. वेल्डिंगचं सीओटू मशीन भाड्याचं होतं, दोन दिवसांचं. सोमवारी सकाळी माणूस ते न्यायला येणार होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत माझी एकच बाजू कापून झाली होती, आकाश भरून आलेलं, पोर्चला एका अंगाने छप्पर नाही. आपण तिथे असता तर आपणही ग्राइंडर उचलला असता.

गाडी चार स्टँडवर होती, दोन पुढच्या क्रॉसमेंबरखाली, दोन मागच्या ॲक्सलखाली. मध्ये काही नव्हतं. आपण विचारलंत म्हणून सांगितलं.

‘सडक्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवला’ हे मात्र मी ऐकून घेणार नाही. पिवळा पत्रा दिसेपर्यंत नाही, पांढरा चमकेपर्यंत कापलं आहे. हातोडीच्या मागच्या टोकाने टकटक करत गेलो. जिथे भद आवाज आला तिथे ग्राइंडरचं चाक फिरवलं, खणखणीत आला तिथे थांबलो. वीस गेजचा पत्रा, वेल्डिंगची पॉइंट आठची तार, आणि सलग ओळ न ओढता एक टाका इथे तर पुढचा वीतभर लांब, म्हणजे पत्रा तापून लाटा येत नाहीत. माझे टाके देखणे नाहीत. कबूतर बसून गेल्यासारखे दिसतात, फोटोही मीच टाकला होता, आपण तो पुन्हा प्रतिक्रियेत डकवायची गरज नव्हती. पण ते धरतात. छिन्नी घालून बघितलं आहे. एक जागा सोडून. उजवीकडे मागे, जॅक लावतात तिथे, आतल्या बाजूला हात पोचला नाही.

ब्रेकबद्दलचं वाचलं. गाडी अजून पोर्चच्या बाहेर गेलेली नाही. पुढे.

व्हीए नंबर. 2021 च्या त्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीची चासी, बॉडी किंवा इंजिन यात बदल केलेला नसावा असं आहे. मूळ आकाराचा पत्रा मूळ जागी लावणं हा बदल की दुरुस्ती, यावर आपण आणि मी दोघांनी निकाल द्यायची गरज नाही. शिवाय वीस हजार भरून तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही, आणि मला तर तिने भाजी आणायची आहे. तेव्हा तो विषय माझ्यापुरता नाहीच.

राहिलं दार. आपण छातीठोकपणे लिहिलंत की बॉडी बसली. तीनशे किलोमीटरवरून, एका फोटोवरून. मी बाराव्या भागात लिहिलं होतं की बिजागरीची पिन झिजली असेल, आणि त्यावर आपण तीन हसरे चेहरे टाकलेत. पन्नाशी उलटलेल्या गाडीची पिन झिजू शकत नाही का? त्या तीन चेहऱ्यांनी माझी त्या रात्रीची झोप गेली, हे कबूल करायला मला लाज नाही. बाकी सगळं एक वेळ सोडलं असतं.

अकरा वाजता टॉर्च घेऊन खाली गेलो. ड्रायव्हरचं दार उघडून दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवलं. पिन झिजली असेल तर दार बिजागरीत लचकतं. लचकलं नाही. मग दार लावून फट पाहिली. मागच्या बाजूला खाली बोट आरामात जातं, वर पोस्टकार्डसुद्धा अडकतं. मग घरातली शिवणकामाची टेप आणली, पण ती ताणते म्हणून परत जाऊन स्टीलची आणली. चौकटीचं खालच्या पुढच्या कोपऱ्यापासून वरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंतचं माप घेतलं, दोन्ही बाजूंचं, प्रत्येकी तीनदा. डाव्या बाजूचा आतला पत्रा शाबूत होता, तिकडे मी फक्त बाहेरचा कापला होता. उजवीकडे दोन्ही. फरक सात मिलिमीटर आला. तिसऱ्यांदा मोजताना बायकोने जिन्यावरून विचारलं, चोर आहे का. म्हटलं, नाही, मीच आहे.

सात मिलिमीटर म्हणजे फार नाही. त्या काळी कारखान्यातूनच असा फरक येत असेल, कोण सांगावं. तरीही उजवा सिल पुन्हा उघडायचं मी ठरवलं आहे, आणि ते आपल्या प्रतिक्रियेमुळे नाही, जॅकच्या जागी हात पोचत नव्हता त्यासाठी. तो उघडतोच आहे तर चौकट जॅकने थोडी उचलून, आधार टाकूनच काम करीन. मशीन या वेळी आठवड्याचं घेतलं आहे.

यापुढे आपण जे लिहाल ते जरा माणसासारखं लिहावं ही विनंती. आणि एक विचारायचं होतं. आधाराला लोखंडी अँगल आपण पंचवीस मिलिमीटरचा वापरता की चाळीसचा? आणि एक तिरपा पुरतो, की खांबापासून खांबापर्यंत आडवाही लागतो?