ब्लॅक बेल्टची पोलिसात नोंद? काहीही हं

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की कराटेचा ब्लॅक बेल्ट मिळाला की पोलीस स्टेशनला नाव नोंदवावं लागतं कारण त्याचे हातच 'शस्त्र' मानले जातात, म्हणून पोरींना असल्या क्लासला घालू नका. अहो असा कायदाच नाहीये आपल्याकडे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून लागू, त्याआधी आयपीसीत ९६ ते १०६ होता, आणि बेल्ट असो नसो तो सगळ्यांनाच आहे. फक्त बचावापुरतंच, समोरचा पळत सुटल्यावर मागे धावून हाणलंत तर मात्र अडकाल.

आणि बेल्टचं एवढं काय, पहिल्या ब्लॅक बेल्टला जपानीत शोदान म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. क्लास लावायच्या आधी एक दिवस नुसतं बसून बघा. सगळे हवेतच पंच मारतायत आणि पार्टनर हात पुढे करून शहाण्यासारखा उभा, तर फी भरू नका. कोणीतरी खरंच मनगट आवळतंय, ओढतंय, पोरगी अंगठ्याच्या बाजूने झटका देतेय, दोनदा फसतेय, तिसऱ्यांदा सुटून दाराकडे पळतेय, असं दिसलं तर विचारा बॅच किती वाजता असते.