‘फक्त’ म्हटलं म्हणून सात दिवस तोंड बंद

गेल्या मंगळवारी रात्री पावणेबाराला आम्ही खेळतो त्या ऑनलाइन गोळीबाराच्या गेमनं मला सात दिवसांसाठी म्यूट केलं. माईक बंद, चॅटही बंद. कारण काय, तर ‘अश्लील व आक्षेपार्ह भाषा’. वय ४१, शेजारच्या खोलीत बायको झोपलेली, मुलाची सकाळची शाळा. असला माणूस त्या वेळी अश्लील बोलायच्या अवस्थेत तरी असतो का?

काय बोललो होतो ते सांगतो. शेवटचं सर्कल (खेळाचं मैदान आकसत आकसत उरलेलं वर्तुळ), आमच्यातले दोघंच जिवंत, चुलतभाऊ जिन्याखाली दबा धरून. मी म्हणालो, "फक्त एक उरलाय. फक्त एक! मागनं जा." आता हा ‘फक्त’ जरा इंग्रजी कानानं ऐका. ऐकलंत? नोटिशीत पुरावा म्हणून माझं वाक्य छापलं होतं, तेही इंग्रजीत, आणि दोन जागी तारे. आख्ख्या आयुष्यात इतकी सभ्य शिवी मी दिलेली नाही.

अपील केलं. मिनिटाच्या आत उत्तर आलं, ‘आम्ही काळजीपूर्वक पुनर्विचार केला, निर्णय कायम आहे.’ एवढ्या वेळात आमच्या साहेबांना चष्मासुद्धा सापडत नाही.

आमच्या स्क्वॉडमधला, म्हणजे खेळातल्या टोळीतला, एक जण शितोळे. त्याची वेगळीच तऱ्हा. आडनाव रोमन लिपीत लिहिलं की पहिली चार अक्षरं बघूनच शिव्या पकडणारा फिल्टर नाक दाबतो. शेवटी बिचाऱ्यानं ‘पाटील’ लावून खातं उघडलं. (भावकीत अजून कळलेलं नाही, कुणी सांगू नका.) जुन्या स्पेलिंगचे दीक्षित आणि तमाम हर्षित यांचंही तेच दुखणं. बरं, हे नवीन नाही. इंग्लंडात स्कनथॉर्प नावाचं गाव आहे. १९९६ साली तिथल्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली. साहेबाच्या स्वतःच्या भाषेत ही गत, तर आमच्या शितोळ्याला कोण विचारतो!

इथवर हसून सोडून दिलं असतं. पोस्ट लिहायला बसलो ते भाचीमुळे.

भाची १९ वर्षांची, आमच्या सगळ्यांपेक्षा नेम चांगला. आम्ही नसलो की रँडम टीमबरोबर खेळायची. माईक सुरू केला की पहिला प्रश्न, "मुलगी आहेस का?" मग नंबर माग, मग शिव्या. लिहून शिव्या देताना मधलं एक अक्षर काढून आकडा घालायचा, की फिल्टरच्या बापाला कळत नाही. आणि मराठीतली खास घाण असते, जी शब्दाशब्दानं तपासली तर अगदी निरुपद्रवी दिसते, ती तर सरळ आरपार जाते. तिनं एकाच पोराला अकरा वेळा रिपोर्ट मारला. अकराही वेळा उत्तर एकच : ‘नियमभंग आढळला नाही.’ मला म्हणाली, "मामा, तुझा ‘फक्त’ सापडतो त्यांना, आणि हे नाही सापडत?" आता तिनं मुलाचं नाव घेतलंय आणि माईक काढून कपाटात टाकलाय.

‘गेम आहे, चामडी जाड करा’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, जाड कुणी करायची? नेहमी तिनंच का? मला मॉडरेशन, म्हणजे चॅटवरची ही राखण, नको असं नाही, उलट कडक हवंय. पण ज्याला भाषा कळते त्याच्या हातात हवंय. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. एवढ्यांतून मराठी चॅट वाचायला चार माणसं नेमता येत नाहीत? आमच्याकडच्या मुलांना ‘स्किन’ (खेळातल्या पात्रांचे पोशाख) विकायच्या म्हटलं की दिवाळीच्या शुभेच्छा मात्र अस्खलित मराठीत येतात.

हे काम सोपं नाही, मान्य. दिवसभर लोकांची घाण चाळून डोकं बिघडतं. त्याच त्रासापायी फेसबुकनं २०२०मध्ये अमेरिकेतल्या मॉडरेटरांना ५.२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे माणसं नेमा, आणि पगारही नीट द्या. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या ऑनलाइन गेममध्ये २०११ ते २०१४ या काळात ‘ट्रायब्युनल’ होतं. खेळणारेच रिपोर्ट झालेलं चॅट वाचून दोषी की निर्दोष, ते मत द्यायचे. पुढे बंद पडलं ते. पण मराठी चॅट मराठी खेळाडूंसमोर ठेवायची कल्पना मला अजूनही पटते. आमच्या शितोळ्यासारखा न्यायाधीश शोधून सापडायचा नाही.

कायदाही वापरून पाहिला, भाचीच्या तक्रारीसाठी. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीनं तक्रार अधिकारी नेमायचा, त्यानं २४ तासांत पोच द्यायची आणि तेव्हाच्या मुदतीप्रमाणे १५ दिवसांत निकाल लावायचा. पोच आली, अगदी वेळेत. निकालही आला, बरोबर पंधराव्या दिवशी, आणि त्यात तेच वाक्य, ‘नियमभंग आढळला नाही.’ शब्दही बदलायचे कष्ट घेतले नाहीत हो. आता सरकारी अपील समितीकडे जायचं चाललंय. स्क्रीनशॉट भाचीनं तारीखवार लावून ठेवलेत, माझ्या ऑफिसातल्या फायलींपेक्षा नीट.

तोवर आम्ही आमची भाषा सुधारलीय. स्क्वॉडमध्ये ‘फक्त’ला बंदी. काल रात्री चुलतभाऊ गोळ्यांच्या वर्षावात ओरडत होता, "दादा, केवळ दोन शत्रू शिल्लक आहेत! केवळ दोन!" आकाशवाणीच्या बातम्या लागल्यासारखं वाटत होतं. माझा माईक बंद, त्यामुळे मी एकटाच हसतोय. भाचीही होती टीममध्ये, तिचाही बंद. ते दोन शत्रू कुठल्या खिडकीत आहेत ते तिला दिसलं होतं. तिनं नकाशावर त्या जागी खूण केली. कुणी वळेना. मग परत केली, तिसऱ्यांदा केली.