‘ताण कुणाला नाही?’ विचारणाऱ्या वाचकाला उत्तर

‘एक नियमित वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया कालपासून चार वेळा वाचली. समलिंगी माणसांवरचा ताण कसा मोजतात, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिता : “ताण कुणाला नाही? लोकलला लटकणाऱ्यालाही असतो. तुमच्या रडगाण्याला वेगळी फूटपट्टी कशाला?”

आधी चूक कबूल. या ताणाचे संशोधक इलान मायर यांच्या 1995च्या अभ्यासात न्यूयॉर्कचे 741 समलिंगी पुरुष होते, मी 714 लिहिलं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘रडगाणं’? मत वेगळं असू द्या, हा शब्द कशासाठी? लेखात मी एकदा तरी रडलोय का, दाखवा.

लोकलच्या ताणासाठी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांची 1983ची प्रश्नावली आहेच. गेल्या महिन्यात किती वेळा सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटलं, असं ती विचारते. कशामुळे, ते विचारत नाही. मायर यांनी तेच विचारलं : भेदभाव किंवा मारहाण झाली का, लोक झिडकारतील अशी धास्ती किती, आणि स्वतःबद्दलची घृणा किती मुरलीय. तिन्हींचा मानसिक त्रासाशी स्वतंत्रपणे संबंध दिसला. लेस्बियन स्त्रियांवरच्या ताणाबद्दल तर व्हर्जिनिया ब्रुक्स यांनी 1981मध्येच लिहिलं होतं.

तुम्ही दादरला उतरलात की गर्दी संपते. माझं ऑफिसात पोचल्यावर सुरू व्हायचं. सोमवारी चहाला कुणीतरी विचारणार, “काल कोण आलं होतं?” मराठीत क्रियापदच चुगली करतं, ‘आला’ की ‘आली’? अकरा वर्षं मी “घरचे आले होते” म्हणत राहिलो. 2019मध्ये जोडीदाराला डेंग्यू झाला. रुग्णालयाच्या अर्जावर ‘नाते’पुढे मी ‘भाऊ’ लिहिलं. आडनावं वेगळी बघून काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली, तसं घाईघाईने आधी ‘मावस’ घुसडलं. ताप त्याला होता, हात माझा थरथरत होता. आपले संबंध गुन्हा नाहीत, हा निकाल लागून तेव्हा वर्ष होत आलं होतं. ही धास्ती कोहेन यांच्या कुठल्या प्रश्नात बसते, सांगा.

‘माणूस स्वतःच सांगतो ते खरं कशावरून’, ‘नमुना स्वयंसेवकांचाच’ वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे संशोधक बघून घेतील. डोकं किती दुखतंय हे डॉक्टरही विचारूनच ठरवतात.

मी इथे स्वतःच्या नावाने लिहितो. पुढच्या वेळी तुम्हीही नाव घालून लिहा, आणि तो शब्द मागे घेऊन या.