बहिरमचे उंदीर

सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबर-जानेवारीत बहिरमची यात्रा भरते. तिथं शहाणा माणूस हंडीतलं मटण अन् रोडगे खाऊन आडवा होतो. मला मात्र पोट्ट्यांनी उंदीर मारायच्या मशीनवर नेऊन उभं केलं. खेळ मूळचा जपानचा, १९७५ च्या आसपासचा. माझ्या तुरीच्या पोत्यांची अवस्था पाहता उंदरांशी हिशेब बाकी होताच.

उंदीर भोकातून डोकं काढतो, आपण मऊ मोगरी हाणायची. मी हाणली. भोक रिकामं. पुन्हा हाणली. तेही रिकामं.

"काकाजी, थो गेल्यावर कायले हानता? तेरवी करून राह्यले काय त्याची?" मशीनवाला म्हणाला.

पुतण्या अमरावतीला बीएस्सीला आहे, त्यामुळं दुःखातही शास्त्र सांगतो. डोळ्यानं पाहून हात हलायला धडधाकट माणसालाही पाव सेकंदाच्या आसपास लागतो म्हणे. कानानं ऐकलं तर थोडा कमी. अन् भोकं वाढली की मेंदू आणखी घोळ घालतो, हे हिक नावाच्या साहेबानं १९५२ सालीच दाखवून ठेवलंय.

पाव सेकंद! आमची सगळी हयात पावसाची, कापसाच्या भावाची अन् एसटीची वाट पाहण्यात गेली. त्यात कोणी, सांगा बरं, आमच्याकडून पाव सेकंदाचं काम करून घेतलं?

तरी पुतण्यानं शिकवलं. एका भोकावर डोळा रोखायचा नाही, मधोमध बघायचं. मोगरी लाकूड फोडल्यासारखी डोक्यावर न्यायची नाही, भोकांच्या वर वीतभर धरायची. उंदीर निघायच्या आधी आत खटका वाजतो, तो ऐकायचा. पण शेजारी मौत का कुआं गर्जत होता, खटका कुठला ऐकू येतो? बाकीचं मात्र लागू पडलं. उंदीर सापडू लागले. एकदा तर दोन लागोपाठ! मी आजूबाजूला पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून. तेवढ्यात तीन निसटले.

मागून बायको आली. हातातली बांगड्यांची पिशवी माझ्याकडं दिली.

"सरका बरं. तुमी तं पायतच राह्यले."

विंचू अन् पालींवर जन्मभर चप्पल चालवलेला हात तो. तिनं मोगरी उचलली अन् नुसती टकाटक, टकाटक सुरू झाली. मशीनवाला आधी हसला, मग गप्प झाला, मग हात जोडून पुढं आला.

"बाई, हळू हाना ना जरा. मशीन हप्त्यावर हाय."