पेल्यात पुडी

आज एका आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर जलसंजीवनीचं, म्हणजे जुलाबात पाजायच्या ओआरएसच्या पाण्याचं, पोस्टर पाहिलं आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. गोरीपान हसरी आई, मांडीवर गुटगुटीत बाळ, शेजारी काचेचा पेला आणि पेल्याएवढीच मोठी पुडी. ‘एक लिटर पाण्यात’ हे तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. बाकावरच्या आजींनी सुनेला सांगितलं, “अगं, पेल्यात पुडी टाकायची, दाखवलंय की.” आजींचं काय चुकलं? चित्रात होतं तेच त्यांनी वाचलं.

दोन वस्तू शेजारी-शेजारी, एकाच मापाच्या काढल्या की डोळा त्यांची जोडी लावतो: एक पुडी, एक पेला. मोठ्या पुडीतले साधारण २०.५ ग्रॅम क्षार आणि ग्लुकोज १ लिटरसाठी असतात. २०० मिलीच्या पेल्यात ती रिकामी केली की द्रावण पाचपट तीव्र. लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल हवं, तिथे ३७५. असं पाणी पोटात गेलं की शरीरातलंच पाणी आतड्याकडे ओढलं जातं, जुलाब वाढतात, रक्तातलं मीठ चढतं, बाळाला झटके येऊ शकतात. त्यात २०० मिलीच्या छोट्या पुड्याही दुकानात मिळतात, म्हणजे गोंधळात भर. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं होतं. तिथे ते पिंपांत आधीच कालवलेलं असायचं. आता ते घरोघरी कालवायचंय आणि माप सांगायचं काम चित्राकडे आलंय. चित्र काय सांगतंय? पेला!

दुसरा गुन्हा लाल फुलीचा. दुधाच्या बाटलीवर फुली मारली की ‘देऊ नका’ असा अर्थ शाळेत गेलेल्यालाच लागतो. बाकीच्यांना बाटली दिसते आणि वर दोन रेघा. शिवाय उन्हात लाल-पिवळे रंग आधी उडतात, चित्र निळसर पडतं. वर्षभराने फुली गायब, बाटली शाबूत. जुलाबात सोबत द्यायच्या चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्यांचंही तेच: एका तळहातावर चौदा गोळ्या कशाला काढायच्या? चौदा चौकोन काढा, प्रत्येकात एक गोळी, रोज एकावर खूण.

हो, डिझाइनरच्या हाती एक दिवस आणि तुटपुंजे पैसे असतात, मान्य. पण लिटरची बाटली काढायला पेल्याइतकाच वेळ लागतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. करणाऱ्याला पोस्टर देखणं व्हावं असंच वाटलं असणार, आणि त्याला कुणी काही विचारलंही नसेल. म्हणून मित्रांनो, हे काम तुमच्याकडे आलं तर एवढं कराच. एका चौकटीत एकच कृती. पहिल्या चौकटीत साबणाने हात. दुसरीत पाण्याची लिटरची बाटली मोठ्या पातेल्यात पूर्ण उपडी. तिसरीत पुडीचं टोक कापलेलं, सगळी पावडर पातेल्यात पडतेय. चौथीत चमचा. हात मनगटापासून तुटलेला नको, माणूस अख्खा दिसू दे. मागचं घर, झाडं, सूर्य सगळं काढून टाका. मग अक्षरं झाका आणि दहा बायकांना एकेकीला दाखवा. “कळलं का?” विचारू नका, सगळ्या “हो” म्हणतील. “यात काय दिसतंय? आता तुम्ही काय कराल?” हे विचारा आणि समोर रिकामी भांडी ठेवा. तिघींनी पेला उचलला तर चित्र बदला, पुन्हा दाखवा.

ज्यांच्या गावात हे पोस्टर लागलंय त्यांनी उद्या केंद्रातल्या ताईंना विचारून जाड काळ्या मार्करने त्या पेल्याशेजारी आणखी चार पेले काढा, सगळे एकाच मापाचे. पाचांखाली एक पातेलं, आणि पाचही पेल्यांतून पाणी त्यात पडताना दाखवा. पुडीपासून बाण काढायचा तो पातेल्याकडेच.