मिझोराममध्ये वीस लाख माणसं मावली कुठे?

काल रात्री साडेदहाला मावशीचा फोन. आवाज रडवेला. तिचा मुलगा आसाम रायफल्समध्ये आहे, सध्या मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यात, म्यानमारच्या सीमेवर. "अरे, तिकडे सगळं बर्माच झालंय म्हणे!"

हे 'म्हणे' आलं होतं तिच्या भिशीच्या ग्रुपवरून. मागवून घेतलं. मजकूर असा: मिझोराममध्ये 20 लाख बर्मी घुसलेत, सगळे रोहिंग्या आहेत, सीमेपासून 16 किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय येण्याच्या सवलतीवर ते थेट मुंबई गाठतात, अमली पदार्थही तेच आणतात, आणि कुंपण घातलं की आठ दिवसांत विषय संपेल. खाली नेहमीचं 'दहा जणांना पाठवा'.

20 लाख! 2011 च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या 10 लाख 97 हजार. म्हणजे घरात यजमान एक तर पाहुणे जवळजवळ दोन. लिहिणाऱ्याने शून्यं टाकताना जनगणनेचा आकडा एकदा तरी बघायचा. फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर जे आले, ते तीस-पस्तीस हजारांच्या घरात. लहानशा राज्याला तेवढेही जड जातात, हे खरं.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते 'सगळे रोहिंग्या' वाचून. रोहिंग्या म्यानमारच्या राखाइन प्रांतातले, मुस्लिम. मिझोराममध्ये आले ते मुख्यतः म्यानमारच्याच चिन प्रांतातले (चीन देश नव्हे!) चिन लोक, बहुतेक ख्रिस्ती, मिझोंच्या नात्यागोत्यातले. मधून तिआउ नदी वाहते, म्हणून अलीकडचा भाऊ भारतीय आणि पलीकडचा बर्मी. यंग मिझो असोसिएशन ही मिझोंची सामाजिक संघटना आणि चर्चनी त्यांच्यासाठी तांदूळ, कपडे गोळा केले ते याच नात्यापोटी. त्यांना भलतंच नाव चिकटवून इथे कुणाचं रक्त तापवायचंय, हे न कळायला आपण दूधखुळे नाही.

आणि सीमेवरच्या गावांची भीती मेसेजमध्ये कुठेच नाही. जानेवारी 2023 मध्ये म्यानमारच्या विमानांनी सीमेला लागून असलेल्या बंडखोरांच्या तळावर बॉम्ब टाकले, तेव्हा अलीकडच्या फारकॉन गावाचा थरकाप उडाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, आपल्या सीमेवरच्या झोखावथार गावासमोर, पलीकडच्या रिखावदारमध्ये लढाई पेटली आणि चक्क म्यानमारचे सैनिकच जीव वाचवायला अलीकडे आले. आपण त्यांना विमानाने परत पाठवलं. जुलै 2025 मध्ये तर लष्कराशी लढणारे दोन चिन गटच आपसात भिडले, आणि झोखावथारमध्ये पुन्हा हजारो माणसं.

16 किलोमीटरची सवलत सीमेलगतच्या रहिवाशांपुरती होती, मुंबईच्या तिकिटासाठी नव्हे. 2024 च्या अखेरीस ती 10 किलोमीटरवर आणली, वर पासही लागतो.

एक मुद्दा मात्र मान्य करावा लागतो, नाइलाजाने. अमली पदार्थ. त्या वाटेने हेरॉइन आणि 'मेथ'च्या (मेथॅम्फेटामाइन या नशेच्या) गोळ्या येतात, झोखावथारला सारख्या पकडल्या जातात. 2023 मध्ये अफूच्या उत्पादनात म्यानमारने अफगाणिस्तानला मागे टाकलं, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. पण हा माल डोक्यावर पोरं आणि बोचकी घेऊन नदी ओलांडणाऱ्या बायांचा नव्हे.

राहिलं कुंपण. सीमा 1643 किलोमीटर, त्यातली मिझोरामच्या वाट्याला 510. डोंगर, जंगल, नद्या. 2024 च्या सुरुवातीपर्यंत पुरं झालं होतं ते मणिपुरात मोरेजवळ, 10 किलोमीटर. घाला की आठ दिवसांत!

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बॉम्बचं तू आत्ता सांगितलंस. ते मेसेजमध्ये नव्हतं रे." आता आज रात्री पुन्हा फोन येणार.