समाचाराला जाणं, समाचार घेणं

उत्तरायणाच्या दुपारी मी बडोद्यातल्या एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर उभी होते. सगळं शहर गच्चीवर होतं, ‘लपेट, लपेट’ अशा आरोळ्या बंद काचांतूनही आत येत होत्या. आणि भाऊंच्या खोलीच्या दाराशी चौदा माणसं. सगळी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यातली. कोणाच्या हातात तिळगूळ, कोणाच्या हातात उंधियूचा डबा, दोघांकडे शहाळी. वर्षातून एकदा येणारा पतंगाचा दिवस सोडून आली होती ती. मी त्या कारखान्यात सहा वर्षं क्वालिटीत होते. भाऊ टूलरूमचे. मायक्रोमीटर कसा धरायचा हे मला कॉलेजनं नाही, त्यांनी शिकवलं.

सिस्टरनं दार अडवलं होतं. भाऊंना रक्ताचा कॅन्सर आहे, केमोची दुसरी सायकल सुरू होऊन दहा दिवस झाले होते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत बाहेरून आलेली साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते. सिस्टर हे परोपरीनं सांगत होती आणि एक जुने फिटर हात जोडून म्हणत होते, “बेन, पाचच मिनिटं. खबर काढतो आणि जातो.”

खबर काढायला जाणं हा आमचा बडोद्याचा शब्द, गुजरातीतून आलेला. आजी मात्र जुनं मराठी बोलायची. ती समाचाराला जायची.

त्या रात्री दांडिया बाजारातल्या मामाच्या घरी यावरून वाद पेटला. मावसभाऊ म्हणाला, ही झुंडीनं हॉस्पिटलात जायची पद्धत बंदच व्हायला हवी. आजार ही खासगी गोष्ट आहे, परदेशात असं कोणी करत नाही. मामा चिडला. “म्हणजे माणसानं एकट्यानं भिंतीकडे बघत पडायचं? आमच्या ऑफिसात कोणी आजारी पडलं की पहिल्या दिवशी फाळो, म्हणजे वर्गणी, व्हायचा, दुसऱ्या दिवशी आम्ही दारात.” मग दोघंही माझ्याकडे वळले. अकरा वर्षं जर्मनीत काढल्यामुळे अशा प्रत्येक वादात मला साक्षीला उभं करतात. ‘तुमच्याकडे कसं असतं, सांग ना ह्यांना.’ त्या रात्री मला धड सांगता आलं नाही. ते आता सांगते.

आमच्याकडे, म्हणजे मी राहते त्या स्टुटगार्टजवळच्या गावात, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी एका सोमवारी आली नाही. आठ महिने आली नाही. तिला काय झालंय हे साहेबांनाही कळलेलं नव्हतं, कारण डॉक्टरच्या दाखल्यातून मालकाला फक्त रजा कधीपासून कधीपर्यंत एवढंच कळतं, आजाराचं नाव कळत नाही. पहिले सहा आठवडे कंपनीनं तिचा पूर्ण पगार दिला. तो कायदाच आहे. त्यापुढे आरोग्य विमा मंडळाकडून एकूण पगाराच्या ७० टक्के रक्कम, हातात पडणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत. एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवडे हे संरक्षण चालतं. ती परत आली तेव्हा आधी दिवसाला दोन तास, मग चार, मग सहा, अशी हळूहळू रुजू झाली आणि त्या काळात कागदोपत्री ती आजारीच होती, भत्ता चालू होता. घराचा हप्ता कसा भरायचा, या प्रश्नानं तिला एक रात्रही जागवलं नाही.

मी तिला भेटायला जायचं ठरवलं होतं. डबा काय न्यायचा हेसुद्धा ठरलं होतं. साहेबांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं की तिनं स्वतः कळवलं नसेल तर आपण जाऊ नये. मग आम्ही सगळ्यांनी एका कार्डावर सह्या केल्या, फुलं पाठवली. परत आल्यावर दुसऱ्या आठवड्यात कॉफी घेताना ती मला म्हणाली, “आठ महिन्यांत या खोलीतलं एकही माणूस मला दिसलं नाही. सगळ्यांनी नियम पाळला, मला कळतं. पण मला वाटायचं, मी इथे नव्हतेच कधी.” मी तिला सांगितलं की मी येणार होते. ती रडली. मीही.

म्हणून मावसभावाला सांगायचं ते हे, की ‘परदेशात असं कोणी करत नाही’ हे मी पाहिलं तिथे तरी खरं आहे, पण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. आणि मामाला सांगायचं ते याहून अवघड आहे, कारण त्याची बाजू मला मनापासून प्रिय आहे. मामा, त्या चौदा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं की भाऊंचा पगार डिसेंबरपासून बंद आहे.

खरंच माहीत नव्हतं. मी वहिनींना जिन्यात विचारलं तेव्हा कळलं. कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक हक्काची रजा जमते, वर्षाला पंधराएक. केमोची पहिली सायकल म्हणजेच चार आठवडे हॉस्पिटल. रजा तिथेच संपली, पुढचं सगळं बिनपगारी. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम पहिल्या बिलात गेला. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा? ती भाऊंना लागूच नाही. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तरच ईएसआय, आणि ही मर्यादा १ जानेवारी २०१७ ला ठरली ती अजून तिथेच आहे. भाऊंना सुपरवायझर केलं तेव्हा पगार ती रेघ ओलांडून गेला. पेढे वाटले होते त्यांनी. बढतीबरोबर आपलं आजारपणाचं छप्पर गेलं, हे त्यांना त्या दिवशी कोणी सांगितलं नाही.

आणि जे रेघेच्या आत आहेत त्यांना तरी कोण सांगतं? ईएसआयमध्ये आजारपणात वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात. टीबी, कॅन्सर धरून ३४ दीर्घ आजार असे आहेत, की पुरेशी नोकरी झालेली असेल तर ८० टक्के दरानं दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो. यासाठी कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्का कापला जातो, मालक ३.२५ टक्के भरतो. हे मी जर्मनीत गेल्यावर वाचलं, तिथला कायदा समजून घेताना आपला शोधला म्हणून. आणि वाचलं त्या दिवशी मला आमच्या टूलरूमचा ठेकेदाराकडचा हेल्पर आठवला. चार वर्षं काम केलेला, दाहोदकडचा. त्याला टीबी झाला. मीच डबी घेऊन विभागात फिरले होते, ४,२०० रुपये जमले, मीच त्याच्या हातात दिले. तो पैसे घेऊन गावी गेला तो परत आला नाही. त्याच्या पगाराच्या पावतीवर दर महिन्याला ईएसआयची कपात छापलेली असायची. ती पावती मी पाहिली होती, इंजिनिअर होते, वाचता येत होतं. ४,२०० रुपयांनी माझं मन हलकं झालं होतं आणि त्याचा हक्क तिथेच पडून राहिला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आज लिहिते आहे.

मराठीत समाचाराला जाणं वेगळं आणि समाचार घेणं वेगळं. एकात विचारपूस आहे, दुसऱ्यात जाब विचारणं. मला वाटतं आपल्या कामाच्या ठिकाणांना पहिलं छान येतं आणि दुसरं येत नाही. जर्मनीला दुसरं येतं. आजारपणाच्या विम्याचा त्यांचा कायदा १८८३ चा आहे, सयाजीरावांच्या हाती कारभार येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आणि ज्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्याला लागू केलं, त्यांच्या शहरात चांगली गोष्ट नियमात बसवायची असते हे मी नव्यानं सांगायला नको.

गेली दोन-तीन वर्षं आपल्याकडे माणसानं आठवड्याला ७० तास काम करावं की ९० यावर केवढी भांडणं झाली. काम करताच येत नाही अशा माणसाचं काय, हे मला त्यात एकदाही दिसलं नाही.

पण मला फक्त कायद्याबद्दल बोलायचं नाही. सोबतचा माणूस जे करू शकतो ते कुठलाही कायदा करू शकत नाही, आणि भाऊंच्या बाबतीत तर त्यांचा सख्खा भाऊही करू शकत नाही. हे मला त्याच दिवशी ब्लड बँकेत कळलं. केमोनंतर प्लेटलेट्स कोसळतात, त्या बाहेरून द्याव्या लागतात. काढल्यावर त्या पाचच दिवस टिकतात, म्हणजे साठा करून ठेवता येत नाही, ताजा दाता लागतो. मशीनवर एका दात्याच्या प्लेटलेट्स काढून बाकीचं रक्त त्यालाच परत देतात, तास-दीड तास लागतो. आता भाऊंच्या बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा विचार चालू आहे, त्यासाठी धाकट्या भावाची तपासणी व्हायची आहे. असं असताना रक्ताच्या नातेवाइकांच्या प्लेटलेट्स देणं टाळतात, कारण शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध आधीच तयार होऊन बसलं तर ट्रान्सप्लांट फसू शकतो. म्हणजे घरच्यांनी द्यायच्या नाहीत. मग कोणी द्यायच्या? त्या दारात शहाळी घेऊन उभ्या असलेल्यांनी.

मी ब्लड बँकेतून परत वर आले आणि त्यांना हे सांगितलं. एक मिनिट कोणी बोललं नाही. मग त्या जुन्या फिटरनी विचारलं, “मग आम्ही इथे दारात काय करतोय?” त्यांचं वय साठीजवळ, मधुमेह, इन्सुलिन चालू, ते स्वतः देऊ शकत नव्हते. पण कागद त्यांनीच मागितला. उंधियूच्या डब्यावर ठेवून तिथेच यादी केली, रक्तगटासह. पाच जण भाऊंच्याच गटाचे निघाले. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही, त्यातला एक तिथेच गळाला, पण पुढच्या आठवड्यासाठी नाव ठेवून गेला. दोनदा देण्यात निदान ४८ तासांचं अंतर हवं, आठवड्यात दोनदापेक्षा जास्त नाही, वर्षात २४ पर्यंत. हे सगळं त्यांनी कारखान्याच्या शिफ्टच्या तक्त्यासारखं मांडलं. असा तक्ता मांडणं हेच तर त्यांचं रोजचं काम.

त्या चौदांत अकाउंट्समधला एक मुलगा होता, गप्पगप्प. तो दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून वहिनींना जनसेवा केंद्रात घेऊन गेला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. आयुष्मान आणि गुजरातची मा या सरकारी आरोग्य योजना एक केलेल्या कार्डावर २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि वहिनींनी ते कार्ड कधी काढलंच नव्हतं, कंपनीचा विमा आहे म्हणून. एका कागदासाठी त्याला तीन खेपा घालाव्या लागल्या. भाऊंची भेट त्याला अजून मिळालेली नाही. मला विचाराल तर समाचाराला सगळ्यात आधी तोच गेला.

रजेचं एक उदाहरण फ्रान्समधलं आहे, मी ते मामाला मुद्दाम सांगितलं. तिथल्या एका बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात एका कामगाराच्या लहान मुलाला कॅन्सर झाला. सोबत्यांनी आपापल्या रजेतले मिळून १७० दिवस त्याला दिले, शेवटचे दिवस मुलाजवळ राहता यावं म्हणून. मे २०१४ मध्ये फ्रान्सनं तो कायदाच केला, की मूल गंभीर आजारी असलेल्या सहकाऱ्याला आपली शिल्लक रजा देता येईल. म्हणजे आधी माणसं दारात आली, कायदा नंतर आला. मामा बराच वेळ शांत बसला आणि म्हणाला, “आमच्या फाळ्याचाच हा मोठा भाऊ की.” मावसभावानं लॅपटॉप उघडला. अर्जाचा मसुदा त्यानं केला, गुजरातीत आणि इंग्रजीत. मागण्या दोनच, शिल्लक रजा देण्याची मुभा आणि उपचार चालू असेपर्यंत भाऊंची नोकरी कायम ठेवण्याचं लेखी आश्वासन. त्यावर एकसष्ट सह्या झाल्या, ठेकेदाराच्या माणसांसकट. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दर सोमवारी विचारते.

भाऊंचा पांढऱ्या पेशींचा काउंट चढल्यावर, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी, मला मास्क लावून दहा मिनिटं आत सोडलं. ते म्हणाले, “सगळे आले होते ना ग उत्तरायणाला? मला आवाज ऐकू येत होते. नावं सांग.” मी चौदाही नावं सांगितली. ते बोटं मोजत होते.

काल वहिनींचा फोन आला. तिसरी सायकल सोमवारपासून. यादीत नवव्या आणि बाराव्या दिवसासमोर जागा रिकामी आहे, बी पॉझिटिव्ह हवा. जुन्या डिस्पॅचमधला एक जण आता वाघोडियाला असतो, त्याचा तोच गट होता असं मला पक्कं आठवतंय, एका ऑपरेशनला आम्ही दोघांनी मिळून रक्त दिलं होतं. नंबर शोधते आहे.